सेवेचे १५८ दिवस कमी

वाचकहो, पेन्शन या शब्दाचे मोल आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नोकरी किती वर्षे केली यापेक्षा ती कागदावर किती दिवस लागली, याला म्हातारपणी महत्त्व येते. वर्षाचे २४० दिवस भरू नयेत म्हणून नेमके त्याआधी घरी बसवलेले हंगामी कामगार आम्ही जवळून पाहिले आहेत. हात तोच, काम तेच, पण हजेरीपटावर नाव नाही. अशा माणसाने वीस वर्षे घाम गाळला तरी दप्तराच्या भाषेत त्याची सेवा शून्य!

आज या सदरात अशाच एका माणसाच्या सेवेचा हिशेब मांडायचा आहे. माणूस अमेरिकेतला, धंद्याने खेळाडू, खेळ बेसबॉल. नाव सॅचेल पेज. १९६८ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्याच्या पेन्शनचा हिशेब झाला तेव्हा सेवेचे १५८ दिवस कमी भरले. पेन्शनसाठी सेवा हवी होती अवघ्या ५ वर्षांची. आणि चेंडू तर तो वयाच्या अठराव्या वर्षापासून फेकत होता. मग मधली सारी वर्षे गेली कुठे?

त्याआधी मुलांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या क्रिकेटमधला गोलंदाजच म्हणा, पण तो धावत येत नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभे राहायचे, एक पाय उचलायचा, अंगाला पीळ द्यायचा आणि चेंडू फेकायचा. चेंडूने टप्पा घ्यायचा नसतो, तो थेट फलंदाजापुढून मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात गेला पाहिजे. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमीच. फलंदाजाच्या पायाशी जमिनीत एक पांढरी पाटी बसवलेली असते, तिची रुंदी १७ इंच. या पाटीवरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून चेंडू गेला आणि त्याला मारता आला नाही, तर एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. उलट चार चेंडू चौकटीबाहेर गेले, तर फलंदाज फुकटात पहिल्या तळावर. सारा खेळ पिचरच्या हातावर चालतो. खांद्यावर आणि कोपरावर इतका ताण येतो, की मोठ्या संघांत पिचरला एका सामन्यानंतर साधारण चार दिवस विसावा देतात. हे चार दिवस वाचकांनी लक्षात ठेवावेत.

लिरॉय रॉबर्ट पेज याचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातल्या मोबिल या बंदराच्या गावी झाला. बाप माळीकाम करी, आई लोकांचे कपडे धुई. घरात बारा भावंडे, त्यांतला हा सातवा. अशा घरात मुलाच्या हाताला काम कोणत्या वयात लागते ते आपल्याला ठाऊक आहे. हा पोरगा रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या पिशव्या उचलू लागला. एकेक पिशवी नेऊन कमाई किती होणार? म्हणून त्याने एक काठी आणि दोरी घेऊन कावडीसारखी युक्ती केली आणि तीनचार पिशव्या एकदम नेऊ लागला. पिशवीला तिकडे सॅचेल म्हणतात, तेच नाव पोरांनी त्याला चिकटवले. त्याचा एक सवंगडी मात्र सांगे, की पिशवी पळवताना सापडला म्हणून हे नाव पडले! दोन्हींपैकी खरे कोणते, यावर आम्ही डोके शिणवत नाही. हमालाचे नाव जगभर गाजले, एवढे खरे.

१९१८ साली, बाराव्या वर्षी, दुकानातल्या खोट्या अंगठ्या उचलल्याबद्दल आणि शाळा बुडवल्याबद्दल न्यायालयाने त्याला माउंट मेग्स येथील सुधारशाळेत पाठवले. ही शाळा कशी उभी राहिली ते आमच्या भगिनींनी मुद्दाम वाचावे. काळ्या मुलांना त्या काळी मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात कोंडत. ते थांबावे म्हणून अलाबामातल्या कृष्णवर्णीय महिला मंडळांनी पुढाकार घेतला, पैसा गोळा केला आणि शाळा उभारली. तिथे एडवर्ड बर्ड नावाचे शिक्षक होते. या पोराचा हात लांब, पंजा मोठा, दगड मारण्यात नेम अचूक, हे त्यांनी हेरले. पाय इतका उंच उचल की फलंदाजाला तुझ्या बुटाखेरीज काही दिसू नये, आणि चेंडू अगदी शेवटच्या क्षणी सोड, हा धडा त्यांनी त्याला दिला. साडेपाच वर्षांनी, १९२३ च्या डिसेंबरात, सतरा वर्षांचा सॅचेल बाहेर आला तो हातात कसब घेऊनच. सुटून आलेल्या मुलाला पुन्हा स्टेशनवरच जावे लागले असते. एका मास्तरामुळे ते टळले.

हातात कसब होते, पण मैदानाचे दार बंद होते. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीला मेजर लीग म्हणतात. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या पायरीवर खेळला होता. त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपसांत समजूत करून काळ्यांना बाहेर ठेवले ते तब्बल ६० वर्षांहून अधिक काळ. गंमत अशी, की तसा लेखी नियम मेजर लीगच्या दप्तरात नव्हता. विचारले की उत्तर मिळे, आमच्याकडे बंदी कुठे आहे? ज्यांना पाणवठ्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना या उत्तराचा अर्थ कळेल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या शहरात तेव्हा मेजर लीगचे संघ होते, त्यांतल्या एकातही काळा माणूस नव्हता.

मग कृष्णवर्णीयांनी आपले मैदान मांडले. रूब फॉस्टर या माजी पिचरने १९२० साली कॅन्सस सिटी येथे बैठक बोलावून निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. निग्रो हा शब्द आज तेथील लोक स्वतःसाठी वापरत नाहीत आणि आपणही वापरू नये. परंतु संस्थेचे नाव तेच होते, म्हणून लिहावे लागते. या लीगांत काळ्या गावकऱ्यांच्या पैशावर संघ चालत. रविवारी चर्चमधून निघून लोक ठेवणीतल्या कपड्यांत थेट सामन्याला जात. पण संघाची मैदाने बहुधा भाड्याची, आणि प्रवास मोटारबसने रात्ररात्र. रस्त्यात खानावळ वाढेना, हॉटेल खोली देईना, तेव्हा खेळाडू बसमध्येच झोपत आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरत.

पेजने १९२६ साली चॅटानूगा येथे व्यावसायिक खेळास सुरुवात केली. महिन्याचा करार २५० डॉलरांचा होता असे सांगतात, त्यातले ५० त्याच्या हाती आणि उरलेले आईकडे. पुढे बर्मिंगहॅम, मग १९३१ पासून पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. या संघात जॉश गिब्सनसारखा फलंदाज आणि कूल पापा बेलसारखा वाऱ्याच्या वेगाने धावणारा गडी होता. गोऱ्यांच्या कोणत्याही संघाला त्यांनी घाम फोडला असता. फोडलाही. हंगाम संपला की गोरे खेळाडू वरकमाईसाठी काळ्या संघांविरुद्ध खासगी सामने खेळत, त्याला बंदी नव्हती! पोटाच्या सामन्यात रंग चालतो, अधिकृत सामन्यात चालत नाही, अशी ही रीत. अशाच सामन्यांत डिझी डीन, बॉब फेलर हे नामवंत गोरे पिचर पेजसमोर उभे राहिले. फलंदाज ज्यो डिमॅजिओ याने तर आपण पाहिलेल्यांत पेज सर्वांत वेगवान आणि सर्वांत उत्तम, असे मत दिले.

त्याची गोलंदाजी, म्हणजे पिचिंग, होती तरी कशी? सहा फुटांहून उंच, काडीसारखा सडपातळ. नुसत्या वेगावर तो फलंदाजांना फिरवी. नेम असा, की सरावाला पाटीऐवजी च्युइंग गमचे वेष्टन ठेवून त्यावरून चेंडू काढी. चेंडूंना त्याने नावेही दिली होती, एक मधमाशीचा चेंडू, एक मध्यरात्री सरपटणारा. त्याची एक चाल तर पुढे फार गाजली. पाय जमिनीवर टेकवायचा आणि हात मात्र क्षणभर मागेच ठेवायचा. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा, मग चेंडू येई. १९४८ साली लीगच्या अध्यक्षांनी ही चाल बेकायदा ठरवली.

पेज देवमाणूस होता असे आम्ही म्हणत नाही. कपड्यांचा, मोटारींचा, बंदुकांचा आणि मासेमारीचा त्याला षोक. हाती आलेला पैसा ठरत नसे. करार मोडून तो हंगामाच्या मध्येच दुसऱ्या गावी निघून जाई. १९३३ साली आणि पुन्हा १९३५ साली तो नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावच्या संघात गेला. तिथे गोरे आणि काळे एकत्र खेळत, आणि १९३५ साली विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा या संघाने जिंकली. पेजने एकट्याने ४ सामने जिंकून दिले. मैदानावर जयजयकार, पण त्या गावात काळ्या जोडप्याला भाड्याने घर मिळेना, म्हणून नवराबायकोला रेल्वेच्या जुन्या मालडब्यात राहावे लागल्याचे सांगतात. १९३७ साली डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी पेज आणि त्याचे आठ सोबती मिळून सुमारे ३० हजार डॉलरांना गेले. सामने हत्यारबंद शिपायांच्या पहाऱ्यात झाले. जिंकले म्हणून बरे, नाहीतर काय झाले असते या विचाराने खेळाडूंची झोप उडाली होती. असे सारखे संघ सोडणे आम्हाला पटत नाही. ज्या काळ्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली त्यांची त्यात फसगत होई. पण ज्याला सर्वांत वरची नोकरी मिळूच शकत नाही, तो आज इथे उद्या तिथे अशी रोजंदारीच करणार, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता ते चार दिवसांच्या विसाव्याचे. पेजला तो मिळाला नाही. गावोगावच्या भिंतींवर जाहिरात लागे ती त्याच्या नावाची. तो उतरला तर तिकिटे खपत. म्हणून दोन डाव इथे, तीन डाव तिथे, उन्हाळ्यात उत्तरेत, हिवाळ्यात क्युबात नाहीतर कॅलिफोर्नियात, असा वर्षाचे बारा महिने हात चाले. १९३८ साली मेक्सिकोत असताना खांद्याने दगा दिला. हात वर उचलवेना. डॉक्टरांनी सांगितले, आता खेळणे संपले. वय ३२. शिक्षण जेमतेम, पुंजी नाही, संघमालक रागावलेले. गिरणीत हात गेलेल्या कामगारासारखी गत झाली.

कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाचे मालक जे. एल. विल्किन्सन तेवढे पुढे आले. ते गोरे होते. मेजर लीगमध्ये रात्रीचे सामने सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी, १९३० साली, मालमोटारीवर दिवे लादून गावोगावी रात्रीचे सामने भरवणारा हा कल्पक माणूस. त्यांनी पेजला दुसऱ्या फळीच्या संघात घेतले. पेज नुसता हळू चेंडू टाकी, लोक नाव ऐकून येत. संघाचे मालीशवाले फ्रँक फ्लॉइड रोज त्या खांद्याला गरम पाणी, गार पाणी, तेल, चोळणे असा उपचार करीत. एके दिवशी दुखणे गेले. हात परत आला! पूर्वीचा वेग थोडा उणावला होता, म्हणून त्याने वळणारे चेंडू, हळू चेंडू शिकून घेतले. बत्तीस-तेहतीसाव्या वर्षी नव्याने उमेदवारी केली म्हणा ना. १९४२ साली निग्रो लीगांच्या अंतिम मालिकेत मोनार्क्सने होमस्टेड ग्रेज संघाला सलग ४ सामन्यांत हरवले. त्या मालिकेत जुना मित्र जॉश गिब्सन फलंदाजीला यावा म्हणून पेजने मुद्दाम तळ भरू दिले आणि मग त्याला बाद केले, ही कथा अजून सांगतात. तपशिलात मीठमसाला असेल, पण गिब्सन बाद झाला हे खरे.

या सर्व काळात दाराला धडका चालू होत्या. त्यात कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांचा वाटा मोठा आहे. पिट्सबर्ग कुरियरचे वेंडेल स्मिथ, बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकनचे सॅम लेसी हे पत्रकार वर्षानुवर्षे लिहीत राहिले, मालकांना जाब विचारीत राहिले. शेवटी १९४५ च्या ऑक्टोबरात ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी एका काळ्या खेळाडूशी करार केला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी तो मेजर लीगच्या मैदानात उतरला. तो पेज नव्हता. तो जॅकी रॉबिन्सन, वय २८, कॉलेजात शिकलेला, सैन्यातून आलेला, १९४५ साली मोनार्क्समध्ये पेजचाच सोबती. रॉबिन्सनने जे सोसले ते मोठे आहे, त्याबद्दल दुमत नाही. पेजने त्याच्याविषयी चारचौघांत चांगलेच उद्गार काढले. पण आपल्याला डावलले याचे दुःख त्याने पुढे आपल्या आत्मकथेत लपवले नाही. वीस वर्षे ज्याच्या नावावर गर्दी जमली, तो पहिल्या पावलाच्या वेळी म्हातारा ठरला. विल्किन्सन यांच्या संघालाही रॉबिन्सनबद्दल डॉजर्सकडून एक छदाम मिळाला नाही. काळ्यांच्या करारालाही करार मानायचे नाही, असा तो व्यवहार.

पेजची पाळी आली ती १९४८ च्या जुलैत, बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास. क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांनी त्याला बोलावले. जमिनीवर सिगारेट ठेवून तिच्यावरून ५ चेंडू टाकायला लावले आणि ४ बरोबर गेले, अशी त्या परीक्षेची कथा आहे. स्पोर्टिंग न्यूज या वजनदार पत्राच्या संपादकांनी अग्रलेख लिहून टीका केली, की या वयाच्या माणसाला घेणे म्हणजे खेळाची टर उडवणे. ज्यांनी वीस वर्षे दार लावून धरले त्यांनीच उशिरा आल्याबद्दल बोल लावावा!

उत्तर मैदानावर मिळाले. ३ ऑगस्टला त्याने पहिला सामना सुरुवातीपासून टाकला तेव्हा ७२,४३४ प्रेक्षक होते. १३ तारखेला शिकागोत प्रतिपक्षाला एकही धाव नाही. २० तारखेला क्लीव्हलँडला पुन्हा एकही धाव दिली नाही, निकाल १-०, प्रेक्षक ७८,३८२. त्या हंगामात पेजने ६ सामने जिंकले आणि १ हरला. क्लीव्हलँड आणि बोस्टन रेड सॉक्स हे संघ हंगामाअखेर बरोबरीत आले, जादा सामना खेळवून निकाल लावावा लागला आणि क्लीव्हलँड पुढे गेले. ते ६ विजय वजा करून पाहा, हिशेब कुठे जातो. त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली आणि या अंतिम मालिकेत चेंडू टाकणारा पहिला कृष्णवर्णीय पिचर म्हणून पेजची नोंद झाली. अर्थात टाकायला मिळाले ते थोडेसेच.

व्हीक यांनी संघ विकला आणि १९४९ च्या हंगामानंतर पेजला मोकळे केले. १९५१ साली व्हीक यांनी सेंट लुईसचा संघ घेतला तेव्हा पुन्हा बोलावणे. त्याला बसायला मैदानाच्या कडेला झुलती खुर्ची दिली, लोक हसले. १९५२ साली त्याने १२ सामने जिंकले. १९५३ साली व्हीक यांनी हाही संघ विकला. पेज पुन्हा बेकार. मग मायामीचा खालच्या पायरीचा संघ, मग पुन्हा गावोगावची जत्रा. १९६५ साली कॅन्सस सिटीच्या मालकाने एका रात्रीपुरता त्याला उतरवला, पुन्हा ती झुलती खुर्ची, शेजारी परिचारिका उभी करून. तमाशाच मांडला होता. वय ५९. समोर बोस्टनचे तरणेबांड फलंदाज. तीन डावांत त्याने २८ चेंडू टाकले, एकाच फलंदाजाला फटका मिळाला, धाव एकही नाही. मेजर लीगमध्ये इतक्या वयाचा दुसरा खेळाडू झालेला नाही. दिवे मंद झाले तेव्हा प्रेक्षकांनी काड्या पेटवून त्याला निरोप दिला.

आता वही उघडू. आम्ही वाणिज्य शाखेचे, जमाखर्चाशिवाय आमचे समाधान होत नाही. १९४८ चा अर्धा हंगाम, १९४९, १९५१ चा काही भाग, १९५२, १९५३ आणि १९६५ ची थोडी अखेर. मेजर लीगच्या खात्यात जमा धरली ती सेवा एवढीच. १९२६ ते १९४७ या काळाच्या रकान्यात काहीही नाही. तो कामावर नव्हता म्हणून नव्हे. ज्या कारखान्यात त्याला घेतलेच नाही, त्या कारखान्याने त्याची हजेरी मागितली.

१९६८ साली पेजने एकामागून एक संघांकडे विचारणा केली, की उरलेले १५८ दिवस भरण्यापुरते मला नोकरीवर घ्या. नकार आले. अटलांटा ब्रेव्हजचे बिल बार्थोलोमे यांनी मात्र त्याला ऑगस्टमध्ये पगारावर घेतले. खेळाडू म्हणा, सल्लागार म्हणा, दिवस भरेपर्यंत नाव हजेरीपटावर ठेवले. वंशभेदासाठी कुप्रसिद्ध जॉर्जिया राज्यातला हा संघ, दोनच वर्षांपूर्वी तिथे आलेला. आम्ही युनियनच्या कामात पाहिले आहे, की नियम वाकवायला जितके अधिकारी तयार असतात त्याहून फार थोडे तो माणसाच्या बाजूने वाचायला तयार असतात. बार्थोलोमे यांनी नियम मोडला नाही, दिवस भरून घेतले. पेजला पेन्शन लागली.

सन्मानाच्या बाबतीतही हाच अनुभव. बेसबॉलच्या थोर खेळाडूंचे स्मारक न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला आहे. तिथे नाव लागायला मेजर लीगमधले किमान १० हंगाम लागत. पुन्हा सेवेचीच अट! १९६६ साली तिथे सत्कार स्वीकारताना टेड विल्यम्स या गोऱ्या फलंदाजाने भर भाषणात सांगितले, की पेज आणि गिब्सन यांची नावे इथे लागली पाहिजेत. १९७१ साली पेजची निवड जाहीर झाली, पण पहिला बेत असा होता की निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवावी. इथेही वेगळा पाणवठा! वर्तमानपत्रांतून आणि लोकांतून ओरड झाली, तेव्हा जुलैत निर्णय बदलला आणि ९ ऑगस्ट १९७१ रोजी पेजचे नाव इतरांच्याच रांगेत लागले. येथे आमच्या पळवणकर बाळूंची आठवण होते. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकत आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात देत. ते स्वतंत्र लिहिण्याचे प्रकरण आहे, पुन्हा कधीतरी.

पेज ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीत वारला. त्याच्या तीनच दिवस आधी त्या शहरातल्या एका मैदानाला त्याचे नाव दिले गेले, त्या समारंभाला तो चाकांच्या खुर्चीत बसून हजर होता.

खाते मात्र तेवढ्यावर बंद झाले नाही. १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगांना मेजर लीगचाच दर्जा आहे, हे बेसबॉलच्या चालकांनी डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले आणि २०२४ च्या मे महिन्यात त्या लीगांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन सर्वांच्या वर गेला. पेजच्या नावावर २८ विजय होते ते १२५ झाले.

हे आकडे आले कोठून, असे कुणी विचारील. संघांची दप्तरे फारशी उरली नव्हती, कारकून ठेवायला मालकांकडे पैसा नव्हता. संशोधकांनी वर्षानुवर्षे बसून शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर, कॅन्सस सिटी कॉल अशी कृष्णवर्णीयांची जुनी साप्ताहिके चाळली. गोऱ्यांच्या दैनिकांनी ज्या सामन्यांना बहुधा चार ओळीही दिल्या नाहीत, त्यांचा डावागणिक तक्ता या पत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेला होता. एखाद्या आठवड्यात संघ दूर रस्त्यावर असला, निकालाची तार आली नाही, की तो सामना सुटला. २०२४ साली अंदाज असा होता, की सुमारे ७५ टक्के नोंदी हाती लागल्या आहेत. आपण दोन हजारांवर सामने जिंकले असे पेज स्वतः सांगत असे. खासगी सामने अधिकृत हिशेबात धरत नाहीत, शिवाय बोलण्यात त्याचा हात सैल. तरीही लीगचे जे सामने अजून सापडायचे आहेत, त्यांच्यासाठी जुन्या अंकांची शोधाशोध चालू आहे.